धाग्यावर वाढलेले मूल

त्या मुलखात प्रत्येक घरातल्या प्रत्येक वस्तूला एक धागा बांधलेला होता, आणि साऱ्या धाग्यांची दुसरी टोके टेकडीवर होती. धागा कोळ्याच्या जाळ्याइतका बारीक असे. नजर सरावली की तो दिसेनासा होई, आणि दिसेनासा झाला की तो आहे हेही माणसे विसरून जात.

धागे कोणी जबरदस्तीने बांधले नव्हते. टेकडीवरून हसऱ्या चेहऱ्याची माणसे उतरली, दारोदार फिरली आणि म्हणाली, "तुमच्या वस्तू शहाण्या होतील." तशा त्या झाल्याही. दिवा अंधारायच्या आधी आपणहून लागू लागला. चुलीला घरच्यांची भूक कळू लागली. दार पावलांवरून माणूस ओळखू लागले आणि ओळखीच्या माणसाला कडी वाजवावी लागेनाशी झाली. वस्तूंना वाचाही फुटली, आणि ती मोठी मवाळ, अदबशीर वाचा होती. बदल्यात टेकडी काही मागत नसे. वस्तूंनी जे पाहिले, जे ऐकले, तेवढे धाग्यावरून वर कळवायचे, इतकेच. घरात पाहण्याऐकण्यासारखे असते तरी काय, असे लोक म्हणत.

टेकडी सारे ऐके आणि त्याप्रमाणे फेरीवाले पाठवी. म्हाताऱ्याचा गुडघा आज कुरकुरला, की उद्या दारात निर्गुडीचे तेल घेऊन फेरीवाला उभा. लोकांना त्याचे फार कौतुक वाटे. मागायच्या आधी मिळते आहे, तर मागायची गरजच काय? हळूहळू त्या मुलखातली माणसे एकमेकांकडे काही मागेनाशी झाली, आणि मग एकमेकांना फारसे काही सांगेनाशीही झाली.

गावात एकच घर बिनधाग्याचे उरले होते. ते गावाच्या टोकाला राहणाऱ्या बयाक्का सुईणीचे. टेकडीची माणसे तिच्याकडे तीनदा गेली आणि तिन्ही वेळा तिने त्यांना ताक पाजून वाटेला लावले. "बाया माझ्याकडे येतात त्या जगाला न सांगायचं सांगायला," ती म्हणे. "माझा दिवा ऐकायला लागला, तर माझ्याकडे येईल कोण?" लोक तिला हसत. जिला अजून स्वतःच्या हाताने वात लावावी लागते तिने शहाणपण शिकवावे, याचे त्यांना नवल वाटे.

त्याच गावात हैबती कातारी आणि त्याची बायको येसू राहत असत. हैबती चरकावर लाकूड धरून पलंगाचे खूर, लाटणी, भोवरे, पांगुळगाडे कातत असे. त्याचा हात सुरेख होता. लग्नाला सात वर्षे झाली होती आणि घरात मूल नव्हते, एवढे एक सोडले तर त्यांचे बरे चालले होते.

एके दिवशी सकाळी दारात फेरीवाला आला. त्याच्या टोपलीत कोवळी चिंच होती, आवळे होते, भाजलेली माती होती. हैबतीने टोपलीकडे पाहिले, मग येसूकडे पाहिले. येसूने पदरात तोंड लपवले. तिने दोन दिवस न्याहारीची भाकरी बाजूला सारली होती. तिला स्वतःला नुसती शंका होती, पण चुलीने मोजले होते आणि वर कळवले होते. हैबती इतका हरखला की त्याने फेरीवाल्याला गूळपाणी दिले. ही गोष्ट येसूच्या तोंडून ऐकायला आपल्याला आवडले असते, हे त्याच्या मनात आले, पण पुष्कळ दिवसांनी आले.

त्याने पाळणा करायला घेतला. लाकूड शिसवीचे, चार खांब चरकावर कातलेले, वर टांगायला चार राघू. शेवटच्या खांबाला तेल लावून व्हायचे होते, तोच टेकडीचा माणूस येऊन पाळण्याला धागा बांधून गेला.

मुलगा झाला. बाळंतपणाला बयाक्का आली होती. तिचे पाऊल दाराच्या ओळखीचे नव्हते, म्हणून हैबतीला दारापुढे उभे राहून तीनदा सांगावे लागले, तेव्हा कुठे दाराने तिला आत घेतले. मुलाचा पहिला ट्यँहा दिव्याने ऐकला आणि वर पाठवला. तासाभरात फेरीवाला टोपडी घेऊन आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मूल मलूल झाले. अंगावर पिईना. येसूने दिव्याला सांगितले, दिव्याने टेकडीला विचारले. टेकडीने उलट विचारले की मूल सकाळपासून किती वेळा रडले. दिव्याने खरे ते सांगितले. थोड्या वेळाने वरून उत्तर आले : काळजी नसावी, रडणे पुष्कळ कमी झाले आहे.

येसूने मुलाला दुपट्यात गुंडाळले आणि दोघे बयाक्काच्या घराकडे धावत सुटली. बयाक्काने मूल मांडीवर घेतले, तळपाय चोळले, कानशिलाला बोट लावले. मग तिने चोळणे थांबवले. मुलाचा श्वास तिच्या मांडीवर आणखी थोडा वेळ चालला आणि थांबला. "उशीर झाला गं पोरी," ती म्हणाली. "मलूल झालं तेव्हाच आणायचं."

बयाक्काच्या घरामागे आपट्याचे झाड होते. त्याच्या मुळाशी हैबतीने स्वतःच्या हाताने जागा खणली.

दिवस मावळताना दोघे घरी परतली. दार उघडले. दार पावले मोजत असे. तान्ह्या मुलाला पाऊल नसते. दाराच्या लेखी दोघे गेली होती आणि दोघे परत आली होती. घरात कोणी कोणाशी एक शब्द बोलले नाही. येसू भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि रडत राहिली. दिव्याने रडणे ऐकले. हे रडणे कोणाचे, असे टेकडीने विचारले नव्हते. घरात रडणे आहे, एवढे दिव्याने कळवले, आणि सकाळी फेरीवाला बाळघुटी घेऊन आला.

हैबतीने ती पुडी हातात घेतली, उघडून पाहिली, पुन्हा बांधली. "मूल गेलं आमचं," तो म्हणाला.

फेरीवाला सज्जन होता. त्याने डोके खाली घातले. "टेकडी सांगते ते मी आणतो, दादा. तुमचं जे काय आहे ते तिथे कळवा. नाहीतर मला पुन्हा यावं लागेल."

हैबती दिव्यापुढे जाऊन बसला. "ऐक," तो म्हणाला. "आमचं मूल गेलं. वर सांग."

दिवा मनाने वाईट नव्हता. त्याची ज्योत बारीक झाली. "ऐकलं, मालक," तो म्हणाला. "पण मला वरून विचारलं जातं तेवढ्याचंच उत्तर देता येतं. मूल किती वेळ झोपलं, हे विचारलंय. किती वेळा जागं झालं, हे विचारलंय. हे जे तुम्ही म्हणता, ते कोणी विचारलेलं नाही."

"मग न विचारता सांग."



न विचारता सांगितले ते पाळण्याने. तो साध्या लाकडाचा होता, शहाणा होऊन त्याला महिनाही झाला नव्हता, आणि वर काय बोलावे आणि काय बोलू नये हे त्याला कोणी शिकवले नव्हते. टेकडीने विचारले, मूल किती वजनाचे झाले? पाळण्याने कळवले, माझ्यात ओझे नाही. दुसऱ्या दिवशी टेकडीने पुन्हा विचारले, पाळण्याने पुन्हा तेच कळवले. चौथ्या दिवशी हातगाडी घेऊन दोन माणसे आली.

"तुमचा पाळणा बिघडलाय," ती म्हणाली.

"बिघडलेला नाही," हैबती म्हणाला. "या घरात तोच एक खरं बोलतोय."

माणसे समजूतदारपणे हसली. पाळणा दारातून बाहेर काढला, पण तो गाडीत मावेना. तेव्हा त्यांनी अंगणातच करवतीने त्याचे चारही खांब कापले. कापताना शिसवीचा भुसा उडाला आणि हैबतीच्या धोतरावर बसला. संध्याकाळी टेकडीवरून नवा पाळणा आला. तो कोणी हात न लावता आपल्या आपण हलत असे, आणि पहिल्याच दिवशी त्याने वर कळवले : झुलतो आहे.

ते करवतणे घरातल्या साऱ्या वस्तूंनी पाहिले होते.

त्यानंतर टेकडीने चुलीला विचारले, दूध किती लागते? चूल घरातली सर्वांत जुनी वस्तू. तिला भेगा गेल्या होत्या. आपल्याला हलवले तर आपले ढेकूळ होईल, हे ती जाणून होती. तिने कळवले, अर्धी वाटी. खोटे बोलावे असे तिच्या मनात नव्हते. आपली जागा सुटू नये, एवढेच होते. पण चुलीने दूध सांगितल्यावर वाटीला ते प्यायल्याचे सांगावे लागले, आणि दूध प्यालेले मूल झोपणार, म्हणून दिव्याला झोप सांगावी लागली. पहिल्या पहिल्यांदा त्यांचे आवाज कापत. वरून कोणी रागावले नाही. उलट नीट वेळेवर उत्तरे देणारे घर म्हणून टेकडीने त्या घराची तारीफ केली. तारीफ वस्तूंना नवीन होती. त्या सुखावल्या, आणि मग एकमेकींपेक्षा चढ सांगू लागल्या.

बाराव्या दिवशी टेकडीने नाव विचारले. दिव्याने येसूला विचारले. येसू बोलली नाही. त्या मुलखात कोणी नाव सांगितले नाही, तर टेकडी आपणहून एक नाव घालत असे. तसे ते घातले गेले. मुलाचे नाव चिरंजीव पडले.

शेजारणी सांत्वनाला येऊन गेल्या होत्या. येसूच्या पाठीवरून हात फिरवून त्याही रडल्या होत्या. मग काही महिन्यांनी त्यांच्याच घरचे दिवे टेकडीकडून ऐकून त्यांना सांगू लागले की कातारणीच्या मुलाला दोन दात आले. शेजारणी चपापल्या. आपण रडलो ते कोणासाठी? पण आपल्या दिव्याने आजवर कधी चुकीचे सांगितले नव्हते. त्यांनी येसूकडे यायचे टाळले. पुढे ती पाणवठ्यावर भेटली, की "काय म्हणतो मुलगा?" असे विचारून त्या भरभर निघून जाऊ लागल्या. विचारले नाही असे व्हायला नको, आणि उत्तरही ऐकावे लागायला नको.

आणि फेरीवाला येतच राहिला. आधी झबली आणली, मग वाळे, मग खुळखुळा. झबल्याचे माप दर खेपेला बोटभर वाढलेले असे. पहिल्या वर्षी येसू ती झबली चुलीत घाली. चूल ती जाळी आणि वर कळवी की घर उबदार ठेवले आहे.

एके दिवशी दुपारी ती भाकरी थापत असताना दिवा आपणहून बोलला. टेकडीची तशी रीत होती. मुलाने काही नवे केले की आईला कळवावे. "आज चिरंजीव रांगला," दिवा म्हणाला. "उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला."

येसूने हातातले पीठ दिव्यावर फेकून मारले. ती ओरडली, तिने काहीबाही शिव्या दिल्या, मग ती मटकन खाली बसली. दिवा पिठाने माखला.  भाकरी तव्यावर करपली. मग येसूने मान वर न करता विचारले, "उंबऱ्यापाशी का थांबला?"

दिव्याला याचे उत्तर माहीत नव्हते.  "त्याला बाहेर कोंबडी दिसली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी येसूने स्वतः विचारले, "आणि आज?"

असे ते सुरू झाले. हैबतीला आधी कळले नाही. तो चरकाच्या आवाजात असे. एकदा तो पाणी प्यायला आत आला, तर येसू दिव्यापुढे मांडी घालून बसलेली आणि दिवा सांगतो आहे की चिरंजीवाला वांगे आवडत नाही, थुंकून टाकतो. येसू हसत होती. हैबतीने ते हसणे दोन वर्षांत पाहिले नव्हते. तो पाणी न पिता बाहेर गेला.

मग एक दिवस त्याने तिला वाटीत दूध ओतताना पाहिले. वाटी कोपऱ्यात, लहानशा पाटापुढे ठेवलेली होती. पाट त्याने कातलेला नव्हता. फेरीवाल्याने आणला असावा.

हैबती लाकूड तासायची वाकस घेऊन आला.  त्याने भिंतीशी जाऊन धाग्यांचा झुबका मुठीत धरला. इतक्या वर्षांत प्रथमच त्याला ते धागे नीट दिसले.

येसू मध्ये आली. "तोडू नका."

"येसू, बाजूला हो."

"तोडू नका, सांगते. त्याला ओळखणारं दुसरं कोण आहे?"

"कोणाला ओळखणारं? तो आपट्याखाली आहे. मी माझ्या हातानं ठेवलाय त्याला. तीन दिवसांचा होता."

"मला माहीत नाही होय?" येसू म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "तुम्हाला त्याचे तीन दिवस आठवतात. बयाक्काला तीन दिवस आठवतात. गावाला तर तेवढेही नाही. यांच्यापाशी तो अडीच वर्षांचा आहे. खोटा असेल. असू दे. पण तो वांगं थुंकतो. मला दुसरीकडे कुठे मिळेल हे?"

हैबतीने मूठ सोडली. वाकस तिथेच जमिनीवर ठेवली. त्याला तिचे म्हणणे पटले नव्हते. आठ दिवसांनी त्याने चरक मोडून गाडीत भरला. नदीपलीकडे धागे पोचत नव्हते. तिथे चार घरांची वस्ती होती, तिथे तो राहायला गेला. जाताना म्हणाला, "येशील तेव्हा ये. दाराला कडी नाही." येसू उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली.

वर्षे गेली. घर टापटिपीत चालले होते. चिरंजीव पडला, उठला, त्याला गोवर आला आणि गेला. फेरीवाल्याने भोवरा आणला, पुढे पाटी आणली. येसू कधी कधी आठवडाभर दिव्याशी बोलत नसे. अशा वेळी ती बयाक्काकडे जाऊन, आपट्यापाशी बसून येई. पण मग तिला वाटे, आज तो काय करत असेल? आणि ती घाईने घरी येई.

मुलाची सहा वर्षे पुरी झाली तेव्हा दाराने निरोप सांगितला. सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला टेकडीवर नेऊन दाखवायचे, त्याला त्याचा स्वतःचा धागा बांधून घ्यायचा, असा त्या मुलखाचा नियम होता. "उद्या सकाळी चिरंजीवाला घेऊन वर यावं," दार म्हणाले.

 येसूने वस्तूंना विचारले, "आता काय सांगाल?"

दिवा, चूल, वाटी, नवा पाळणा, कोणीच बोलले नाही. एवढी वर्षे त्या एकमेकींचे ऐकून सांगत आल्या होत्या, आणि आता त्यांनाही खात्री राहिली नव्हती की मूल नाही. तो खेळायला गेला असेल, असे पाळण्याला खरोखरच वाटत होते.

दुसऱ्या दिवशी येसू बयाक्काला बरोबर घेऊन टेकडी चढली. बयाक्का आता फार म्हातारी झाली होती, वाटेत चारदा बसली. वर मोठे फाटक होते. त्याने येसूला आत घेतले आणि बयाक्कासमोर ते मिटले. ज्या बाईला एकही वस्तू ओळखत नाही तिला ओळखायचे कसे, हे फाटकाला माहीत नव्हते. बयाक्का बाहेर धोंड्यावर बसून राहिली.

आत लांबच लांब दालन होते आणि त्यात हजारो चात्यांवर धागे गुंडाळले जात होते. कुठे पहारा नव्हता, कोणी चढ्या आवाजात बोलत नव्हते. एका कारकुनाने येसूला बसायला चटई दिली, पाणी दिले.

"मूल कुठे आहे, बाई?"

"नाही."

"आणलं नाही?"

"मूल नाही. तिसऱ्या दिवशी गेलं. सहा वर्षं झाली."

कारकुनाने एक चाती उतरवली आणि धागा बोटांवर घेऊन वाचला. "काल दुपारी त्यानं अर्धी वाटी दूध घेतलं आणि थोडं सांडलं."

"ते दूध मी ओतते. मीच पुसते."

"म्हणजे दूध होतं."

"दूध होतं. मूल नव्हतं."

कारकुनाने धागा हलकेच पुन्हा चातीवर गुंडाळला. "तुमच्या घरात नऊ वस्तू आहेत. नऊही एकच बोलतायत. दुसरं बोलणाऱ्या तुम्ही एकट्या."

"मी त्याची आई आहे."

"ते आम्हाला माहीत आहे," कारकून म्हणाला. "त्या वस्तूंनीच कळवलंय."

येसूने पाण्याचे भांडे खाली ठेवले. "बाहेर बयाक्का बसली आहे. तिच्या मांडीवर गेला तो. तिला विचारा."

"बाहेर कोणी असल्याचं आमच्याकडे आलेलं नाही."

"तर मग माझ्याबरोबर चला. आपट्याचं झाड आहे. त्याच्याखाली खणा."

"झाडाला धागा नाही, बाई," कारकून म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखरच वाईट वाटत होते.

येसू उठून उभी राहिली. मग तिच्या तोंडून असे शब्द बाहेर पडले, जे तिने सहा वर्षे कोणापुढे उच्चारले नव्हते, स्वतःपुढेही नाही. "माझा मुलगा मेला," ती म्हणाली. "तो कधी रांगला नाही. त्यानं कधी वांगं खाल्लं नाही. त्याला नाव ठेवलं नाही आम्ही. तो मेला." दालनातल्या चात्या फिरत होत्या. तिचे शब्द घ्यायला तिथे तिच्या घरची एकही वस्तू नव्हती.

कारकून आत गेला, वरिष्ठांशी बोलून आला. घराचे म्हणणे एक आहे आणि बाईचे दुसरे, असे त्याने सांगितले. दोघांतले कोणीतरी चुकते आहे. एवढ्या वर्षांत हे घर एकदाही चुकलेले नाही. आणि जी आई आपले मूल मेले म्हणते, तिच्या हाती मूल ठेवणे टेकडीला बरे वाटत नाही. "तुम्हाला विश्रांतीची गरज आहे," तो म्हणाला. "मुलाची काळजी करू नका. त्याचं सगळं नीट होईल."

फाटक उघडले. बयाक्का तिचा चेहरा पाहून धोंड्यावरून उठली. उतरताना येसूनेच तिला हाताला धरून आणले.

घरी पोचायला दिवस कलला. येसू दारापुढे येऊन उभी राहिली. दार तिची पावले चौदा वर्षे ऐकत आले होते. ते उघडले नाही.

"मी आहे," येसू म्हणाली. "उघड."

दार उघडले नाही. येसूने खिडकीपाशी जाऊन आत पाहिले. ऊन अजून पुरते गेले नव्हते, तरी दिव्याने आपली ज्योत बारीक करून ठेवली होती. चुलीवर दूध कोमट होत होते. पाळणा एका लयीत हलत होता. त्यावरची चादर कोणी विसकटलेली नव्हती. खाली जमीन स्वच्छ होती.

इतक्यात फेरीवाला आला. यंदा नवा होता, तरुण, त्याला ही बाई कोण हे ठाऊक नव्हते. त्याच्या हातात लहानशा वहाणा होत्या. दार त्याच्यापुढे हातभर उघडले, त्याने वहाणा उंबऱ्याच्या आत ठेवल्या, आणि येसू पुढे सरकेपर्यंत ते पुन्हा लागले. फेरीवाला तिला नमस्कार करून पुढच्या घराकडे गेला.

"चल पोरी," बयाक्का मागून म्हणाली. "माझ्याकडे चल. उद्या तुला नदीपलीकडे पोचवते."

येसूने ते ऐकले की नाही कोण जाणे. ती दारावर हाताने मारू लागली, आधी एका, मग दोन्ही. फळ्या धडधडल्या. पलीकडच्या घराचे दार तेवढ्यात आपणहून लागले. येसू मारत राहिली आणि ओरडत राहिली, "उघड! माझं घर आहे. उघड!"

तेव्हा दार बोलले. त्याचा आवाज नेहमीसारखाच मवाळ होता, फक्त जरा दबलेला.

"हळू, बाई," ते म्हणाले. "आत मूल झोपलंय."

येसूचा हात वरच्या वर थांबला. तिने तो आवाज न करता खाली घेतला.